टीव्हीचा पडदा आणि संगणकाचे अक्षर

बैठकीच्या खोलीत ४३ इंची टीव्ही भिंतीवर लावलेला आहे आणि त्याच्याच खाली बसून घरातला बारावीचा विद्यार्थी सहा-साडेसहा इंची मोबाइलवर मान वाकवून सराव परीक्षा सोडवतो आहे, हे दृश्य लातूर-नांदेडकडच्या घरांत आता नवे राहिलेले नाही. शिकवणीसाठी ही दोन्ही शहरे साऱ्या मराठवाड्यात ओळखली जातात. उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूरकडची मुले इथे खोली घेऊन राहतात. त्यामुळे पालकांच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो. घरात एवढा मोठा टीव्ही आहे, तर वेगळा मॉनिटर कशाला घ्यायचा? टीव्हीलाच संगणक जोडला तर चालणार नाही का?

उत्तर सोपे आहे. चालतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांतला बहुतेक कोणताही सपाट टीव्ही संगणकाला जोडता येतो. मात्र पडद्यावर चित्र येणे आणि त्या पडद्यावरचे अक्षर न थकता वाचता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोंधळ होतो तो दुसऱ्या गोष्टीत, आणि त्याचा भुर्दंड मुलांच्या डोळ्यांना आणि मानेला बसतो. म्हणून आज त्या दुसऱ्या गोष्टीविषयी बोलू. थोडे आकडे येतील, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असलेली बरी.

टीव्हीला संगणक जोडण्याची कल्पना जुनीच आहे. आपल्याकडे रंगीत टीव्ही आला १९८२मध्ये, एशियाडच्या वेळी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटा घरगुती संगणक बाजारात आला. त्याला स्वतःचा पडदाच नव्हता, घरातल्या टीव्हीला तो जोडायचा. बीबीसी मायक्रो हा त्याच काळातला दुसरा संगणकही टीव्हीवर चालत असे. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, त्यात हाच बीबीसी मायक्रो वापरला गेला.

त्या काळच्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र आडव्या ६२५ रेषांनी बनायचे, आणि त्यातल्या प्रत्यक्ष चित्राच्या रेषा ५७६. एवढ्यात बारीक अक्षर उमटत नसे. स्पेक्ट्रम तयार करणाऱ्यांनी ही मर्यादा ओळखली होती. त्याच्या पडद्यावर एका ओळीत ३२ अक्षरे आणि एकूण २४ ओळी, एवढाच मजकूर मावायचा. अक्षर मोठे असल्यामुळे ते टीव्हीवरही वाचता येई. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तो लागणार आहे.

आजचा टीव्ही आणि आजचा मॉनिटर यांचा पडदा मुळात एकाच जातीचा असतो. चित्रबिंदू म्हणजे पिक्सेल ठरावीक संख्येने, ठरावीक जागी बसवलेले असतात. ‘फुल एचडी’ म्हणजे आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू, एकूण २० लाख ७३ हजार ६००. आता गंमत अशी की, २२ इंची फुल एचडी मॉनिटरवर एवढेच बिंदू असतात आणि ४३ इंची फुल एचडी टीव्हीवरही एवढेच. बी तेवढेच, रान मात्र जवळजवळ चौपट. साहजिकच पेरणी विरळ होते. मॉनिटरवर एका इंचात साधारण १०० बिंदू बसतात, टीव्हीवर ५१. मॉनिटरचा एक बिंदू पाव मिलिमीटरचा, टीव्हीचा अर्ध्या मिलिमीटरचा. बाजारात ‘एचडी रेडी’ म्हणून मिळणाऱ्या ३२ इंची टीव्हीवरही, १,३६६ गुणिले ७६८ बिंदू धरले तर, हीच विरळ पेरणी असते. ४३ इंची ‘फोर के’ टीव्हीवर मात्र फुल एचडीच्या चौपट बिंदू असल्याने त्याची दाटी मॉनिटरएवढी होते.

विरळ पेरणीमुळे जवळून पाहिल्यावर अक्षराच्या कडा दातऱ्या दिसतात. निरोगी डोळ्याला अर्ध्या मिलिमीटरचे बिंदू वेगवेगळे दिसणे थांबते ते साधारण साडेपाच-सहा फुटांवर. म्हणजे असा टीव्ही टेबलावर ठेवून दोन फुटांवरून वाचायचा नसतो. तो दुरून बघण्यासाठीच बनवलेला आहे. मग दूर बसा, झाले, असे कोणी म्हणेल. पण दूर बसले की दुसरी अडचण उभी राहते. अक्षर लहान दिसू लागते.

इथे एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. सहज वाचता यावे म्हणून अक्षराची उंची वाचणाऱ्याच्या अंतराच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी तरी असावी. आपल्या मापात सांगायचे तर, फुटाला दीड मिलिमीटर. तीन फुटांवरून वाचायचे असेल तर साडेचार मिलिमीटर, आठ फुटांवरून १२ मिलिमीटर, वीस फुटांवरून ३० मिलिमीटर. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची, वेलांट्या आणि उकार सोडून. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पडद्याला हलकेच लावली की लगेच कळते.

हा हिशेब घरातल्या टीव्हीला लावून पाहू. आपल्या खोल्या साधारण दहा बाय बाराच्या. एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला दिवाण. मधले अंतर सात-आठ फूट. ४३ इंची फुल एचडी टीव्हीला संगणक जोडला आणि काहीच बदलले नाही, तर मेनूमधली अक्षरे चार-साडेचार मिलिमीटरची दिसतात. ही तीन फुटांवरच्या माणसासाठी ठीक आहेत. आठ फुटांवर बसलेल्या मुलाला हवीत १२ मिलिमीटरची. म्हणजे अडीचपट. ती तशी केली नाहीत तर मूल काय करते? उठून टीव्हीजवळ जाऊन बसते. मग वर मान करून, दातऱ्या अक्षरांकडे दोन फुटांवरून बघत राहते.

उपाय संगणकातच असतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्केल’ नावाचा पर्याय आहे, तो १०० टक्क्यांवरून २०० किंवा २५० टक्क्यांवर न्यावा. इंटरनेटचे पान बघताना कंट्रोलची कळ दाबून अधिक चिन्हाची कळ दाबत गेले, की अक्षर टप्प्याटप्प्याने वाढते. अक्षर वाढले की पडद्यावर मावणाऱ्या ओळी कमी होतात, हे उघड आहे. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे ५३५ मिलिमीटर. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-जोडाक्षरे असल्याने ओळीला अक्षराच्या दुप्पट जागा लागते. म्हणजे १२ मिलिमीटरच्या अक्षराला २४ मिलिमीटरची ओळ, आणि पडद्यावर साधारण २२ ओळी. त्या जुन्या स्पेक्ट्रमच्या २४ ओळी आठवल्या का? दिवाणावरून वाचायच्या टीव्हीची मजकुराची कुवत आजही जवळपास तेवढीच आहे, कारण आपले डोळे तेच आहेत.

या २२ ओळींत काय बसते? शिकवणीचे चित्रफितीतले व्याख्यान, आकृत्या, एका वेळी एक प्रश्न, घरच्या सगळ्यांनी मिळून बघायची माहिती. काय बसत नाही? मोठे हिशेबाचे तक्ते, शेजारी-शेजारी उघडलेली दोन पाने, तासन्‌तास टंकलेखन. त्या कामासाठी टेबल पुढे ओढून चार-पाच फुटांवर बसावे, नाहीतर सरळ छोटा मॉनिटर घ्यावा.

आता घरातून वर्गात जाऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. राज्य शासनाने २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा निर्णय काढला. त्यानंतरच्या वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट आली. गावोगाव लोकवर्गणी झाली. कोणी पाचशे दिले, कोणी हजार, आणि त्यातून प्रोजेक्टर, टॅब, टीव्ही शाळेत आले. शेतकऱ्याने सोयाबीनच्या पैशातून दिलेली ही वर्गणी आहे, तिचा उपयोग शेवटच्या रांगेतल्या मुलापर्यंत पोचला पाहिजे.

वर्गाची खोली वीस फूट लांब धरू. शेवटच्या मुलासाठी अक्षर हवे ३० मिलिमीटर, ओळ हवी ६० मिलिमीटरची. ४३ इंची टीव्हीवर अशा ओळी मावतात जेमतेम नऊ. ५५ इंचीवर अकरा, ६५ इंचीवर तेरा. पाठ्यपुस्तकाचे आख्खे पान पडद्यावर टाकले तर पहिल्या दोन रांगा वाचतात आणि मागची मुले पुढच्यांचे ऐकून माना डोलावतात. गुरुजींना वाटते वर्ग समजला. आपल्या जुन्या फळ्यावर हे घडत नसे, कारण चांगला शिक्षक वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन आपले अक्षर बघून यायचा. तीस फुटांवरून वाचायचे तर अक्षर पाच सेंटिमीटरच्या आसपास हवे, आणि खडूने साधारण तेवढेच काढले जायचे. पडद्यालाही तोच नियम लावावा. पान संपूर्ण दाखवू नये, मोठे करून परिच्छेद-परिच्छेद दाखवावा. खिडकीसमोरच्या भिंतीवर टीव्ही लावू नये, उजेड काचेवर पडून मुलांना स्वतःचीच प्रतिबिंबे दिसतात. खिडकी बाजूला येईल अशी भिंत निवडावी.

टाळेबंदीच्या काळात याचा चांगला धडा मिळाला. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. २० जुलै २०२०पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ती टीव्हीसाठीच आखलेली होती. याउलट मोबाइलवर आलेली पुस्तकाची पाने टीव्हीवर टाकणाऱ्या घरांत अक्षर लागत नव्हते. टीव्ही तोच, फरक अक्षराच्या मापाचा. त्याच महिन्यात केंद्राने ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रे सुचवली होती. पडदा मोठा केला म्हणून ही वेळ वाढवावी, असे मुळीच नाही.

माप जमले, तरी काही वेळा टीव्हीवरचे अक्षर पुसट किंवा विचित्र दिसते. त्याचे कारण टीव्हीच्या स्वभावात आहे. टीव्ही असे धरून चालतो की, आपल्याकडे कॅमेऱ्याने टिपलेले हलते चित्र येते आहे, आणि ते तो आपल्या परीने सुधारत बसतो. संगणकाच्या अक्षराला ही सुधारणा नको असते.

पहिली तक्रार अशी की, पडद्याच्या कडा कापल्या जातात आणि खालची पट्टी दिसतच नाही. जुन्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडे फुगवून कडा चौकटीआड लपवायची पद्धत पडली. नळ्या गेल्या, पद्धत राहिली. रिमोटवर चित्राच्या आकाराचा पर्याय उघडून ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ किंवा ‘वन टू वन’ असे जे काही लिहिलेले असेल, ते निवडावे. कंपनीगणिक नाव बदलते, काम एकच.

दुसरी तक्रार, अक्षराभोवती पांढुरकी कड येते. टीव्हीची ‘शार्पनेस’ वाढवलेली असते, ती उतरवावी. तिसरी तक्रार, लाल किंवा निळी अक्षरे फिसकटलेली दिसतात. माणसाचा डोळा उजेड-अंधार बारकाईने टिपतो, रंग तेवढ्या बारकाईने टिपत नाही. याचा फायदा घेऊन चित्रफितींत रंगाची माहिती निम्म्या तपशिलाने साठवतात, आणि बरेच टीव्ही संगणकाकडून आलेल्या चित्रालाही हीच वागणूक देतात. ज्या खाचेत केबल लावली आहे तिला टीव्हीच्या मेनूत ‘पीसी’ असे नाव दिले, की अनेक संचांत ही छाटणी थांबते. चौथी तक्रार, माउस हलवला की बाण मागाहून येतो. हा सुधारणेत जाणारा वेळ आहे. ‘गेम मोड’ लावला की तो कमी होतो.

पाचवी गोष्ट, संगणक पाठवतो ती बिंदूंची संख्या आणि टीव्हीची स्वतःची संख्या एक असावी. फुल एचडी टीव्हीला १,९२० गुणिले १,०८० द्यावे. १,३६६ बिंदूंच्या टीव्हीला शक्य असेल तर १,३६६ किंवा १,३६० गुणिले ७६८ द्यावे. लॅपटॉपवर आणि टीव्हीवर एकच चित्र दाखवले, तर लॅपटॉपच्या लहान पडद्याचे माप टीव्हीवर जाते आणि अक्षर धूसर होते. विंडोज आणि पी या दोन कळा एकदम दाबून ‘फक्त दुसरा पडदा’ हा पर्याय घेतला, की टीव्हीला स्वतःचे माप देता येते.

जोडणीविषयी थोडे. एचडीएमआय केबल चित्र आणि आवाज दोन्ही नेते. जुन्या संगणकाला फक्त व्हीजीए, म्हणजे १५ टाचण्यांची निळी खाच असेल, तर नुसती जोडतार चालत नाही, सिग्नल बदलणारा छोटा कन्व्हर्टर लागतो. तो घेताना ‘व्हीजीएकडून एचडीएमआयकडे’ असाच मागावा, उलट दिशेचा चालत नाही. फोर के टीव्हीला जुना संगणक जोडला, तर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माउस अडखळतो. तेव्हा फुल एचडीवर काम करणे बरे. मोबाइल केबलने टीव्हीला जोडता येईलच असे नाही. स्वस्त फोनांत बहुधा ती सोय नसते, विकत घेण्याआधी विचारावे. वाय-फायवरून मोबाइलचे चित्र टीव्हीवर टाकता येते, पण ते जरा उशिरा पोचते. व्याख्यान बघायला हरकत नाही, परीक्षा सोडवायला नको.

विजेची बाब मराठवाड्यात विसरून चालत नाही. ८० वॅटचा टीव्ही रोज सहा तास चालला, तर महिन्याला साडेचौदा युनिट होतात. २५ वॅटच्या मॉनिटरचे साडेचार. संगणकाला यूपीएस असेल आणि टीव्ही साध्या बोर्डावर असेल, तर वीज जाताच संगणक चालू आणि पडदा काळा, अशी पंचाईत होते. म्हणून टीव्हीची व्यवस्थाही इन्व्हर्टरवर हवी. बोर्डाला अर्थिंग नसेल, तर संगणकाच्या पत्र्याला झिणझिण्या येतात, आणि तोच प्रवाह केबलमधून टीव्हीची खाच जाळू शकतो. केबल लावताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. मे-जूनमध्ये विजा कडाडू लागल्या की एचडीएमआय आणि डिशची, दोन्ही केबल काढून ठेवाव्यात.

एक उपयोग असा आहे, जो अजून फारसा केला जात नाही. सेवा केंद्रात शेतकरी पीक विम्याचा किंवा दाखल्याचा अर्ज भरायला जातो. पडदा चालकाच्या तोंडाकडे असतो, शेतकरी पलीकडे उभा. नावातले एक अक्षर किंवा गट क्रमांकातला एक आकडा चुकला, तर पुढे महिनाभर खेटे पडतात. ग्राहकाकडे तोंड करून ३२ इंची टीव्ही लावला आणि ‘पाठवा’ म्हणण्याआधी नाव, गट क्रमांक, खाते क्रमांक मोठ्या अक्षरात त्याला दाखवला, तर ही चूक तिथल्या तिथे सापडेल. फक्त मागच्या रांगेतल्यांना एकाचा आधार क्रमांक किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी दिसणार नाही, अशा बेताने तो लावावा. घरीसुद्धा मोबाइल टीव्हीला जोडताना हे भान ठेवायला हवे, आलेला प्रत्येक संदेश चारचौघांत झळकतो.

परीक्षेचे म्हणाल, तर जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा २०१९पासून संगणकावर होतात. तिथे मुलासमोर साधा मॉनिटर असतो, दोन फुटांवर. त्याचा सराव टेबलापाशी, तशाच अंतरावर व्हावा. नीटची परीक्षा २०२५मध्येही कागदावरच झाली. त्या मुलांनी व्याख्यान टीव्हीवर बघावे आणि प्रश्न कागदावर सोडवावेत.

मग घ्यायचे काय? घरात टीव्ही असेल, तर आधी फक्त केबल आणि कळफलक-माउस आणावा, महिनाभर वापरून बघावे. एकट्या विद्यार्थ्याला रोज टेबलाशी बसून काम करायचे असेल, तर २२ ते २४ इंची मॉनिटर टीव्हीपेक्षा बरा. शाळेसाठी घेत असाल, तर मोठा संच घ्या. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे लहान आणि मोठ्या संचांतला कराचा फरक आता उरलेला नाही. गंजगोलाईत जा किंवा वजिराबादेत, दुकानात चित्रपट लावून दाखवतील, तेव्हा एक मराठी पान उघडायला सांगा. आपल्या खोलीत जेवढे अंतर आहे तेवढी पावले मागे जा आणि ते पान वाचून बघा. शाळेसाठीचा संच असेल, तर चौथीतल्या एखाद्या मुलाला बरोबर न्या आणि त्यालाच वाचायला सांगा.